नागरिकत्व आणि आपली निबंधस्पर्धा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धेचा निकाल जाहीर करताना परीक्षकांच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या मंडळाने यंदा इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा ठेविली आणि परीक्षणाचे काम आम्हां तिघांकडे सोपविले. विषय होता, ‘माझ्या गावातील किंवा प्रभागातील एक सार्वजनिक प्रश्न, आणि त्यासाठी मी काय केले’. या विषयाचा उत्तरार्ध कार्यकारी मंडळाने मुद्दाम घातला होता, आणि सारी अडचण त्या उत्तरार्धानेच केली. प्रश्न पुष्कळांनी लिहिला. ‘मी काय केले’ या ठिकाणी आले की मात्र लेखणी अडखळे, आणि मग आपण सर्वांनी मिळून अमुक केले पाहिजे असे एखादे वाक्य येऊन निबंध संपे.

बक्षिसांची पाकिटे समोर टेबलावर आहेत आणि मुलांचे लक्ष तिकडे आहे, हे आम्हांस दिसते. परंतु निकाल कसा लागला हे सांगितल्यावाचून नुसती नावे वाचून दाखविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तेव्हा थोडा वेळ घेतो.

प्रथम न निवडलेल्या निबंधांविषयी. त्यांतील बरेचसे एकाच साच्यातून काढलेले होते. नागरिक हा राष्ट्राचा आधारस्तंभ, ही सुरुवात, मध्ये स्वच्छता, वृक्षारोपण आणि मतदान, शेवटी महासत्ता. एक परिच्छेद तर चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, परंतु अक्षरशः त्याच शब्दांत आम्ही वाचला. आठवीतील मुलगा ‘तद्वतच’ आणि ‘येणेप्रमाणे’ लिहू लागला की त्याच्या खांद्यावरून कोण डोकावत होते हे परीक्षकांस कळते, एवढे पालकांनी कृपा करून ध्यानात घ्यावे. अनेकांनी राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांची यादी उतरवून काढली आणि ती दहा म्हणून मोजली. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती घटनेत आली तेव्हा दहाच होती, हे खरे. परंतु 2002 च्या शहाऐंशिाव्या दुरुस्तीने त्यांत अकराव्या कर्तव्याची भर पडली आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाची संधी मिळवून देणे हे ते अकरावे कर्तव्य, आणि ते आईबापांवर वा पालकांवर आहे. मुलांच्या यादीतून नेमके तेच गळावे, यात मुलांचा दोष आम्ही मानीत नाही.

दुसरा एक प्रकार आढळला, तो सांगताना अध्यक्षमहाराज आम्हांस क्षमा करतील अशी आशा आहे. कित्येक निबंधांच्या अखेरीस आपल्या मंडळाची, त्याच्या कार्यकारिणीची आणि विशेषेकरून अध्यक्षमहाराजांची स्तुती होती. एका मुलाने तर प्रभागातील तुंबलेल्या गटाराचे वर्णन करता करता शेवटच्या चार ओळींत आपल्या सभागृहाच्या वास्तूचा गौरव केला आहे. अमेरिकेत बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयातर्फे तेथील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक निबंधस्पर्धा घेतली जाते. अध्यक्ष केनेडी यांचा ‘प्रोफाइल्स इन करेज’ हा ग्रंथ 1956 साली निघाला. त्याच्या नावावरून ती चालते. लोकांनी निवडून दिलेल्या एखाद्या प्रतिनिधीने आपले पद जाण्याचा धोका पत्करून सार्वजनिक हिताचे जे धैर्य दाखविले, त्यावर विद्यार्थ्याने लिहावयाचे. निबंध 700 शब्दांहून कमी नसावा, 1000 हून अधिक नसावा, आणि आधार निदान पाच असावेत. या नियमांत एक नियम असा आहे की जॉन, रॉबर्ट आणि एडवर्ड या केनेडी बंधूंपैकी कोणावर लिहिलेला निबंध स्वीकारला जाणार नाही. स्पर्धा ज्यांच्या नावाने, त्यांचीच स्तुती तेथे बाद ठरते! हा नियम आपणही उचलावा, अशी आमची पहिली सूचना आहे. अध्यक्षमहाराजांनी मान डोलाविली आहे, ती नोंदवून घ्यावी.

आता दुसऱ्या क्रमांकाच्या निबंधाकडे वळतो, कारण तो स्तुतीच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. नववीतील या मुलाने विषय घेतला तो आपल्याच मंडळाच्या उत्सवाचा. गेल्या फाल्गुनातील उत्सवात ध्वनिक्षेपक रात्री सव्वाअकरापर्यंत चालू होता. शेजारच्या चाळीत दहावीच्या परीक्षेस बसलेली तीन मुले होती, त्यांतील एक त्याची सख्खी बहीण. मुलाने चौकशी केली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणाउत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आपला उत्सव त्या सुटीच्या दिवसांत बसत नव्हता, हे त्याने शोधून काढले. मग त्याने मंडळाच्या कार्यवाहांस अर्ज लिहिला. उत्तर आले नाही. अर्जाची प्रत त्याने निबंधास जोडली आहे. आम्ही दप्तर तपासले, तो मूळ अर्ज आवक क्रमांकासह तेथे जसाच्या तसा सापडला. दप्तर किती व्यवस्थित आहे याची त्यातून खात्री पटली.

हा निबंध स्पर्धेत घ्यावा की नाही, यावर आम्हां परीक्षकांत एक संध्याकाळ चर्चा झाली. घरचे घरात राहावे, असा एक पक्ष होता. परंतु विषय आपण दिला, ‘मी काय केले’ असे आपण विचारले, आणि सर्वांत अवघड दार ज्याने ठोठावले तो हाच मुलगा ठरला. परक्या खात्यास दोष देणे सोपे असते. काका-मामांस अर्ज देणे नसते. त्यास दुसरा क्रमांक एकमताने दिला आहे. पुढील फाल्गुनात ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होतो, ते आम्ही घड्याळ लावून पाहणार आहोत.

तिसरा क्रमांक शहरातील एका विद्यार्थ्याचा आहे आणि त्याचे गुण लहान असण्यात आहेत. शाळेच्या रस्त्यावरील एक दिवा कित्येक महिने बंद होता. त्याच्या वडिलांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. शब्द मुलाचे, सही वडिलांची. हा कायदा 2005 सालचा. अर्जास 10 रुपये शुल्क, उत्तरास 30 दिवसांची मुदत, आणि आपल्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात विषय एकच असावा व सर्वसाधारणपणे 150 शब्दांहून अधिक मजकूर नसावा. मुलाने लिहिले आहे की त्याचा पहिला मसुदा पाच पाने झाला होता आणि तो दीडशे शब्दांत आणण्यास त्यास रविवारचा संपूर्ण दिवस लागला. निबंधलेखनाचे याहून चांगले शिक्षण आम्हांस ठाऊक नाही. उत्तर असे आले की खांब एका खात्याचा आणि त्यावरील दिवा दुसऱ्याचा. दोन्ही खात्यांस वेगवेगळे पत्र गेले तेव्हा दिवा लागला. प्रसंग एवढाच.

माहिती विचारण्यास वयाची अट नाही, हेही मुलांनी लक्षात ठेवावे. 2012 साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने, महात्मा गांधींस राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने दिली, असे थेट पंतप्रधानांच्या कार्यालयास विचारले होते. तो अर्ज तेथून गृहमंत्रालयाकडे आणि तेथून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला, आणि तशा आदेशाची विशिष्ट कागदपत्रे आढळत नाहीत, असे उत्तर तिला मिळाले. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले ते 1989 साली. म्हणजे आज आपल्यासमोर बसलेला दहावीचा विद्यार्थी आणखी तीन वर्षांत मतदार होईल. तोवर त्याने हातपाय जोडून बसावे असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही.

किंबहुना, शाळेत शिकणाऱ्या मुलाने सार्वजनिक प्रश्नावर निबंध लिहावा ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळांत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. हे पत्र अमेरिकन मिशनऱ्यांनी 1842 मध्ये अहमदनगरास सुरू केलेले. मुक्तेचे वय त्या वेळी चौदाच्या आसपास होते, म्हणजे आपल्या स्पर्धेतील मुलांएवढेच. तिने काय लिहिले? वेद वाचण्याचा अधिकार ज्यांस नाही त्यांचा धर्म तरी कोणता, हे तिने विचारले. आपल्या वस्तीतील बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते आणि थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे तिने सांगितले. आणि आपल्याच लोकांस उद्देशून, अभ्यास करा, असे तिने बजावले. आधारस्तंभ नाही, महासत्ता नाही. जे पाहिले, जे सोसले, आणि त्यावर जो प्रश्न विचारावासा वाटला, तो. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी तो निबंध वाचला जातो, आणि तिच्या काळच्या मोठमोठ्या पंडितांची पुस्तके कपाटांत धूळ खात आहेत.

मुक्तेचे नाव आम्ही येथे घेतले, त्यास आणखी एक कारण आहे. ते पहिल्या क्रमांकाच्या निबंधाशी जोडलेले आहे.

हा निबंध एका खेड्यातील नववीच्या मुलीचा आहे. गावापासून हायस्कूल सात किलोमीटरवर. मुलींस बसचा मोफत पास मिळतो, तेव्हा पैशांची अडचण नाही, अडचण घड्याळाची. शाळा पाच वाजता सुटते आणि गावाकडे जाणारी गाडी पावणेपाचला येते. पुढची गाडी साडेसातनंतर. थंडीच्या दिवसांत तोवर काळोख पडतो, आणि घरची माणसे मुलींस थांबू देत नाहीत. परिणाम असा की शेवटची तासिका सोडून मुली थांब्यावर जाऊन उभ्या राहतात. आणि आठवड्यातून चार दिवस शेवटची तासिका गणिताची असते. मुले सायकलीने जातात, त्यांस हा प्रश्न शिवतही नाही. दहावीला गणितात मुली मागे का पडतात याविषयी या गावात वडीलधाऱ्या मंडळींची जी मते आहेत, ती लेखिकेने एका वाक्यात सांगितली आहेत आणि त्यांवर काहीही भाष्य केलेले नाही. ते वाक्य वाचून आम्ही परीक्षक काही वेळ गप्प बसलो.

मग त्यांनी काय केले? प्रथम तोंडी विनंती. आगारातून उत्तर मिळाले की वेळ बदलण्याएवढे भारमान त्या फेरीस नाही. भारमान हा शब्द मुलींस नवा होता. त्याचा अर्थ त्यांनी वाहकाकडून समजून घेतला. मग बारा शाळा-दिवस त्यांनी एक तक्ता ठेविला. रोज किती मुली तासिका सोडून पावणेपाचच्या गाडीने गेल्या, किती साडेसातपर्यंत थांबल्या, किती पायी निघाल्या, आणि गाडीत किती आसने रिकामी होती. सतरा मुलींच्या सह्या घेतल्या. 1870 साली पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा, सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान 50 लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. लोकांच्या वतीने बोलावयाचे तर लोक दाखवा, ही रीत या मुलींस कोणी न सांगता सुचली.

मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह अर्ज गेला. त्यानंतर ग्रामसभा. ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावचे मतदार. मुलींस तेथे मत नाही. म्हणून ग्रामसभेच्या आधी जी महिलांची सभा भरते, तीत लेखिकेच्या मैत्रिणीच्या आईने हा विषय मांडला. ही बाई शेतमजुरी करते आणि सभेत बोलण्याची तिची ती पहिलीच वेळ. प्रत्यक्ष ग्रामसभेच्या दिवशी गणसंख्या भरली नाही. नियमाप्रमाणे 15 टक्के किंवा 100 मतदार, यांत जो आकडा कमी असेल तेवढे तरी लागतात. तेवढेही जमले नाहीत, आणि सभा तहकूब झाली. पुढील सभेस लेखिकेच्या वडिलांनी, आणि हे आपले सभासद आहेत याचा आम्हांस आनंद वाटतो, आळीतील घरोघर जाऊन माणसे आणली. ठराव झाला. ठरावाची प्रत आगारात पोचल्याची पावती निबंधास जोडलेली आहे. निबंधाचे शेवटचे वाक्य एवढेच आहे की गाडी अद्याप पावणेपाचलाच येते.

पहिला क्रमांक आम्ही या निबंधास दिला. यश आले नाही, तर बक्षीस कशास, असे कोणी म्हणेल. यशास बक्षीस द्यावयाचे असते तर आम्ही गाडीच्या वेळापत्रकाचे परीक्षण केले असते.

आता अडचणीची गोष्ट. या निबंधात ‘मी’ हा शब्द जवळजवळ कोठेच नाही. सर्वत्र ‘आम्ही दोघी’ असे आहे. आणि निबंधाच्या पाठीमागे पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यांचा आशय असा की मैत्रीण आपल्या समाजाची नसल्यामुळे तिचे नाव अर्जात घालता आले नाही. तक्ता तिच्या अक्षरात आहे, तेवढे परीक्षकांनी पाहावे.

आम्ही पाहिले. अक्षर मोत्यासारखे आहे. आपल्या स्पर्धेच्या तिसऱ्या नियमात ‘मंडळाच्या सभासदांचे पाल्य’ असे शब्द आहेत, आणि त्या शब्दांनी ही मुलगी बाहेर राहते. ज्या आईने सभेत तोंड उघडले तिची ती मुलगी.

ज्ञातिसंस्थांनी ज्ञातीपुरते पाहणे हे मूळचेच चूक, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांस कोणी विचारीत नव्हते त्यांनी एकत्र येऊन आपल्या मुलांच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय केली, हा इतिहास आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. खेड्यांतून आलेल्या हजारो मुलांस त्यांनी अन्न आणि दिवा दिला. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती त्याच परंपरेतील आहे. ती ज्ञातीतील गरजू मुलांसाठी आहे आणि तशीच राहावी. परंतु त्याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह चालविण्यास आरंभ केला. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास नाव दिले गेले ते शाहू महाराजांचेच. म्हणजे एका मार्गाने निघालेली माणसे दुसऱ्या मार्गास परकी नव्हती.

शिष्यवृत्ती आणि नागरिकत्वावरील निबंध यांत भेद आहे. गाडीचा थांबा, तुंबलेले गटार, बंद पडलेला दिवा यांपैकी काहीही एका ज्ञातीचे नसते, आणि त्यांविषयी काही करावयास निघालेली मुलगी एकटीच्या ज्ञातीत राहून ते करू शकत नाही. तिला शेजारणीस हाक मारावी लागते. मुक्तेस बाकावर जागा मिळाली ती तिच्या ज्ञातीने काढलेल्या शाळेत नव्हे, दुसऱ्यांनी काढलेल्या शाळेत. आणि तिचा निबंध छापला तोही दुसऱ्यांच्याच पत्राने. तिसरा नियम लावणारी स्पर्धा त्या काळी असती तर तिचा कागद आपल्यापर्यंत आलाच नसता.

यावर कार्यकारिणीतील काही मंडळींची हरकत आम्ही ऐकली आहे आणि ती अनाठायी नाही. पारितोषिकाचा निधी ज्या दिवंगत गृहस्थांनी दिला, त्यांच्या दानपत्रात ‘ज्ञातीतील होतकरू विद्यार्थ्यांस’ असे शब्द आहेत. दात्याचा शब्द मोडता येत नाही. त्यांचे चिरंजीव आज पुढील रांगेत आहेत. तेव्हा आमची सूचना अशी आहे की तो निधी जसाच्या तसा ठेवावा, आणि सभासदाच्या पाल्याबरोबर त्याच शाळेतील किंवा गावातील कोणाही विद्यार्थ्याने संयुक्त निबंध लिहिल्यास, त्या दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी निराळी रक्कम उभी करावी. आम्हां तिघां परीक्षकांस यंदा जे मानधन देऊ केले आहे ते या रकमेचा आरंभ म्हणून कोषाध्यक्षांनी जमा करून घ्यावे. निबंध दोघांनी मिळून लिहिण्यास मुभा द्यावी, आणि तिसऱ्या नियमात तसा बदल करावा, असा ठराव आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही मांडीत आहोत. सूचक म्हणून आमची नावे लिहून घ्यावीत. अनुमोदनासाठी चाळीस वर्षांवरील कोणी पुढे आल्यास विशेष बरे वाटेल.

नियम अद्याप बदललेला नाही. म्हणून पहिल्या क्रमांकाचे पाकीट आम्ही एकच ठेविले आहे. प्रशस्तिपत्रे मात्र दोन लिहवून आणली आहेत. दुसऱ्या प्रशस्तिपत्रावर नावाची जागा मोकळी आहे, कारण अर्जात ते नाव नव्हते आणि अंदाजाने लिहिणे आम्हांस उचित वाटले नाही. ती मुलगी आज आपल्या मैत्रिणीबरोबर आली असून मागे खांबाजवळ बसली आहे, असे आम्हांस आताच कळते. दोघींनी व्यासपीठावर यावे. नाव तिलाच विचारून येथेच लिहितो.